घर गेलं, बाकी राहिली

यंदाच्या अंकाचा विषय ‘हिशेब’ असल्याचं संपादकांनी कळवलं, तेव्हा वर्तमानपत्रातलं एक पान आठवलं. आपण सगळेच ते न वाचता उलटतो. बारीक टायपातल्या जाहीर सूचनांचं पान. ‘निम्नस्वाक्षरीकार’, ‘प्राधिकृत अधिकारी’, ‘सांकेतिक ताबा’, ‘जसे आहे जेथे आहे’. कल्याणचा वन आरके, वसईचं दुकान, चाकणचा गाळा, कोल्हापूरजवळचा बिनशेती प्लॉट. प्रत्येक चौकटीत एक कर्जदार, बहुधा सहकर्जदार म्हणून त्याची बायको, एक-दोन जामीनदार आणि पैशापर्यंत मोजलेला आकडा. घर हातचं गेल्याचं त्या पानावर कळतं. कर्जाचं पुढे काय झालं, ते कुठेच छापून येत नाही.

बँकेने घर विकलं किंवा फायनान्स कंपनीने गाडी ओढून नेली की आपण मोकळे झालो, असं बऱ्याच जणांना मनापासून वाटतं. कायदा तसं म्हणत नाही. तारण विकून आलेली रक्कम कर्जातून वजा होते आणि उरलेली रक्कम कर्जदाराच्या डोक्यावर तशीच राहते. ही बाकी कशी तयार होते, कोण वसूल करतं आणि तिला कुठे हात घालता येतो, हे पाहायला वसुली अधिकाऱ्यांच्या केबिनमध्ये बसलो, गाड्यांच्या यार्डात हिंडलो, ऋण वसुली न्यायाधिकरणाच्या व्हरांड्यात ताटकळणाऱ्यांशी बोललो.

दारावरचा कागद

हप्ता नव्वद दिवस थकला की खातं ‘एनपीए’ होतं. तिथून २००२ च्या सरफेसी कायद्याची गाडी सुरू होते. या कायद्याखाली तारण विकायला बँकेला आधी कोर्टाची पायरी चढावी लागत नाही. कलम १३(२) ची साठ दिवसांची मागणी नोटीस येते. तिच्यावर कर्जदाराने लेखी हरकत घेतली, तर बँकेला पंधरा दिवसांत कारणांसह उत्तर द्यावं लागतं. हा हक्क २००४ च्या मार्डिया केमिकल्स निकालानंतर कायद्यात आला. साठ दिवसांत पैसे आले नाहीत की ताबा. ताब्याची सूचना दारावर चिकटवायची आणि सात दिवसांच्या आत दोन वर्तमानपत्रांत छापायची, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. आपण उलटतो ते पान या नियमाचं.

हा ताबा कागदावरचा. प्रत्यक्ष कुलूप लावायचं, तर कलम १४ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज होतो. मग एखाद्या सकाळी कोर्ट कमिशनर किंवा महसूलचा माणूस, बँकेचे अधिकारी, दोन पंच, पोलीस, व्हिडिओ काढणारा आणि कुलूपवाला अशी मंडळी जिना चढतात. डोंबिवलीकडच्या ताब्यांची कामं करणारे एक वकील सांगत होते, “पंचनाम्यात सगळं लिहितो. लोखंडी कपाट एक, गॅस शेगडी एक, प्लास्टिकच्या खुर्च्या चार. देवघराशी आलं की मी हात लावत नाही. म्हणतो, ताई, देव तुम्हीच काढा.” त्या बाई देव पदरात घेऊन जिना उतरतात आणि पंचनाम्यावर न वाचता सही करतात.

पुढचं बरंचसं नुकसान इथून होतं. घर सुटलेलं कुटुंब भावाकडे, सासरी, कुठे तरी भाड्याने जातं. फोन नंबर बदलतो. बँकेच्या दप्तरी पत्ता मात्र त्या कुलूपबंद घराचाच राहतो. मूल्यांकन, राखीव किंमत, लिलावाची तारीख, नंतरच्या बाकीची मागणी अशी सगळी पत्रं त्याच दारावर येऊन परत जातात आणि पाकिटावर पोस्टमनचा शेरा पडतो, ‘घर बंद’. लिलावाच्या वेळी कर्जदार हजर नसतो, तो असा.

बोलीतून बाकी

लिलावाआधी बँक मान्यताप्राप्त मूल्यांककाकडून किंमत काढून राखीव किंमत ठरवते. कर्जदाराला तीस दिवसांची विक्री नोटीस देते. पहिला लिलाव बोलीविना गेला, तर पुढच्या वेळी पंधरा दिवसांची नोटीस पुरते, आणि राखीव किंमत बहुधा खाली आलेली असते.

लिलावात घर स्वस्त का जातं, हे घेणाऱ्याच्या जागी बसलं की कळतं. घर ‘जसे आहे जेथे आहे’ तत्त्वावर मिळतं. सोसायटीची थकबाकी किती, आत कोणी राहतंय का, कोर्टात काही चाललंय का, ही सगळी जोखीम त्याची. बोली लागली की त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या कामाच्या दिवशी पंचवीस टक्के भरायचे. उरलेले पंचाहत्तर टक्के पंधरा दिवसांत. लेखी मुदत मिळाली तरी तीन महिन्यांच्या पुढे नाही. घरासाठी स्वतःच कर्ज काढणाऱ्या नोकरदाराला हे वेळापत्रक झेपत नाही. उरतात रोकड बाळगून असलेले मोजके लोक, आणि ते घाई करत नाहीत.

आता हिशेब मांडू. समजा, मागणी नोटिशीत ३४ लाख रुपये आहेत. लिलाव व्हायला दीड वर्ष लागलं. दहा टक्क्यांनी सरळ व्याज धरलं तरी ५ लाख १० हजार, म्हणजे देणं ३९ लाख १० हजार. घर ३० लाखांना गेलं. जाहिरात, मूल्यांकन, वकील, पहारेकरी असे दीड लाख खर्ची पडले. कायद्यात क्रम ठरलेला आहे, आधी खर्च, मग कर्ज. म्हणजे कर्जात जमा झाले २८ लाख ५० हजार आणि उरले १० लाख ६० हजार. घर चार लाखांनी जास्त गेलं असतं, तर ही बाकी साडेसहा लाखांच्या आसपास आली असती. बोलीतला एकेक लाख कर्जदाराच्या भविष्यातला एकेक लाख असतो.

म्हणून कर्जदाराचं खरं बळ लिलावाआधी असतं. मूल्यांकन जुनं असेल किंवा चुकीचं असेल, तर तेव्हाच लेखी हरकत घ्यायची. स्वतः चांगलं गिऱ्हाईक आणून खासगी विक्रीचा प्रस्ताव बँकेपुढे ठेवायचा. राखीव किमतीच्या खाली घर विकायचं, तर नियमाप्रमाणे कर्जदाराचीही संमती लागते. ती सही विचार करून द्यायची. बँकेने उचललेल्या पावलाविरुद्ध पंचेचाळीस दिवसांत ऋण वसुली न्यायाधिकरणात जाता येतं. मुंबईत अशी तीन न्यायाधिकरणं आहेत; पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथेही आहेत. सगळी रक्कम भरून घर सोडवायचा हक्क मात्र आता फार आधी संपतो. कायद्यात २०१६ मध्ये झालेल्या दुरुस्तीचा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सेलिर विरुद्ध बाफना मोटर्स (मुंबई) या खटल्यात सांगितलं की लिलावाची सूचना प्रसिद्ध झाली की तो हक्क गेला. बोली लागेपर्यंत वेळ आहे, हा जुना समज आता महागात पडतो.

लिलावानंतरची बाकी बँकेला थेट उचलता येत नाही. कलम १३(१०) प्रमाणे त्यासाठी न्यायाधिकरणात किंवा दिवाणी कोर्टात वेगळा अर्ज करावा लागतो. वीस लाखांपासून पुढच्या रकमांसाठी न्यायाधिकरण, त्याखाली दिवाणी कोर्ट. आपल्या उदाहरणातले दहा लाख साठ हजार दिवाणी कोर्टात सिद्ध करावे लागतील. एका सेवानिवृत्त वसुली अधिकाऱ्याने सरळ सांगितलं, “एवढ्यासाठी दावा कोण लावतो? स्टॅम्प, वकील, तारखा. आम्ही जामीनदाराला फोन करायचो.”

यार्डातली पिकअप

पुणे-नगर रस्त्यालगतचं एक यार्ड. पत्र्याच्या कुंपणाआत ओळीने पिकअप, रिक्षा, दोन ट्रॅक्टर आणि कोपऱ्यात दुचाकींची गर्दी. काचांवर खडूने क्रमांक घातलेले. एका पिकअपच्या डॅशबोर्डवर अजून खंडोबा होता आणि सीटमागे कांद्याच्या रिकाम्या गोण्या.

यार्डातल्या पोऱ्याने गाडीची यादी दाखवली. एकच कागद. बॅटरी, स्टेपनी, जॅक, टेप, ताडपत्री अशा रकान्यांपुढे आहे-नाहीच्या खुणा. टायर चारही ‘मध्यम’. किलोमीटरचा रकाना मोकळा. खाली कर्जदाराच्या सहीची जागा, तीही मोकळी. लिलावातले डीलर हाच कागद आणि फोटो पाहून ऑनलाइन बोली लावतात. गाडी उचलताना बॅटरी होती आणि बोलीच्या दिवशी नव्हती, तर ती कुठे गेली याचं उत्तर या कागदाशिवाय मिळत नाही. गाडी जितके दिवस उभी राहते, तितकं यार्डाचं भाडंही हिशेबात चढतं.

वाहनाच्या कर्जात सगळा खेळ करारावर चालतो. गाडी ताब्यात घेण्याआधी किती दिवसांची नोटीस, विकण्याआधी शेवटची संधी कशी, विक्री कोणत्या पद्धतीने, हे करारात लिहिलेलं असलं पाहिजे, अशी रिझर्व्ह बँकेची फायनान्स कंपन्यांना ताकीद आहे. गुंड पाठवून गाडी ओढणं चालणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये प्रकाश कौर खटल्यात खडसावून सांगितलं. वसुलीचे फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करायचे नाहीत, ही रिझर्व्ह बँकेची ऑगस्ट २०२२ ची सूचना. तरीही टोलनाक्याच्या अलीकडे गाडी अडवणाऱ्या ‘सीझर’च्या हातात बहुधा मोबाइलवरची थकबाकीदारांची यादी असते आणि ड्रायव्हरच्या हातात काहीच नसतं.

गाडी विकल्यावर उरलेल्या रकमेची कथा टपालाने पुढे सरकते. चेन्नईहून किंवा कोलकात्याहून लवादाची इंग्रजी नोटीस येते. बारामतीचा माणूस ती कोनाड्यात ठेवतो. काही महिन्यांनी एकतर्फी निवाडा होतो. निवाडा कुठेही झाला तरी त्याची अंमलबजावणी थेट बारामतीच्या कोर्टात मागता येते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सुंदरम फायनान्सच्या खटल्यात स्पष्ट केलं. दुसरीकडे, निकालात हितसंबंध असलेल्या पक्षाने एकट्याने लवाद नेमायचा नाही, असं त्याच न्यायालयाने २०१९ मध्ये पर्किन्स ईस्टमन खटल्यात सांगितलं. हा मुद्दा कर्जदाराच्या कामाचा आहे, पण निवाडा हातात पडल्यापासून तीन महिने, आणि सबळ कारण असेल तर आणखी तीस दिवस, एवढ्यातच त्याविरुद्ध अर्ज करता येतो. कोनाड्यातल्या पाकिटात ती मुदत संपते.

एकशे एकचा दाखला

महाराष्ट्रात या गोष्टीला सहकाराची स्वतंत्र फांदी आहे. सहकारी बँकांना सरफेसी लागू होतो की नाही, याचा वाद अनेक वर्षं चालला. तो मिटला कागल तालुक्यातल्या मुरगूडच्या बँकेच्या खटल्यात. पांडुरंग गणपती चौगुले विरुद्ध विश्वासराव पाटील मुरगूड सहकारी बँक या प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने मे २०२० मध्ये निकाल दिला की सहकारी बँकांनाही हा कायदा वापरता येतो.

त्याआधीपासून त्यांच्या हातात दुसरं हत्यार होतंच. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याचं कलम १०१. उपनिबंधक किंवा सहायक निबंधक चौकशी करून वसुलीचा दाखला देतात आणि विशेष वसुली अधिकारी कलम १५६ आणि नियम १०७ खाली जप्ती-विक्री करतो. पतसंस्थांना सरफेसी नाही, त्यांचा सगळा भर या दाखल्यावर. सरफेसीतून शेतजमीन वगळलेली आहे. दाखल्याला तिचं वावडं नाही. आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचं म्हणजे दाखला पूर्ण थकबाकीचा असतो. घर विकून भागलं नाही, तर बाकीसाठी नवा दावा नको, त्याच दाखल्यावर दुसरी मालमत्ता धरता येते. दाखल्याविरुद्ध फेरतपासणी अर्ज करायचा, तर आधी निम्मी रक्कम भरावी लागते. ज्याच्याकडे हप्ता नव्हता, त्याने निम्मी रक्कम आणायची कुठून, हा प्रश्न प्रत्येक तालुक्याच्या निबंधक कचेरीबाहेर ऐकू येतो.

सही केलेला मित्र

या सगळ्यात सर्वात गाफील माणूस म्हणजे जामीनदार. एसटीतला सहकारी, शाळेतले गुरुजी, मेहुणा. “नुसती सही आहे, भाऊ” म्हणून चहाच्या टेबलावर झालेली सही. करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. आधी कर्जदाराला धरा, मग माझ्याकडे या, असं त्याला म्हणता येत नाही. बँक ऑफ बिहार विरुद्ध दामोदर प्रसाद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे अर्धशतकापूर्वीच सांगून ठेवलंय. पगारदारांच्या पतसंस्थेत सभासदाने तसं लिहून दिलेलं असेल, तर सहकारी संस्था कायद्याच्या कलम ४९ खाली मालक परस्पर पगारातून कपात करतो. घर गेलेला कर्जदार गाव सोडतो, जामीनदार नोकरी सोडू शकत नाही. बाकीचा भार म्हणून त्याच्याकडे सरकतो.

जामीनदारालाही हक्क आहेत. त्याने पैसे भरले की बँकेचे कर्जदाराविरुद्धचे हक्क त्याच्याकडे येतात. बँकेने त्याच्या संमतीशिवाय तारण सोडलं किंवा हलगर्जीने गमावलं, तर तेवढ्या किमतीपुरता तो करार कायद्याच्या कलम १४१ प्रमाणे मोकळा होतो. स्टेट बँक ऑफ सौराष्ट्र विरुद्ध चित्तरंजन रंगनाथ राजा या १९८० च्या निकालात तारण माल बँकेच्या दुर्लक्षाने गेला आणि जामीनदार सुटला. मात्र छापील जामीनपत्रात हे हक्क सोडून दिल्याची ओळ पुष्कळदा असते. सही करण्याआधी शोधायची ओळ ती.

‘राइट-ऑफ झालंय ना?’

बँकांनी अमुक हजार कोटी राइट-ऑफ केले, ही बातमी वाचून आपलंही सुटलं असं समजणारे भेटतात. राइट-ऑफ ही बँकेच्या ताळेबंदातली आवराआवर. कर्जदाराचं देणं त्याने रुपयानेही कमी होत नाही. उलट अशी खाती मालमत्ता पुनर्रचना कंपन्यांना विकली जातात आणि कधी नाव न ऐकलेल्या कंपनीचा फोन येतो. अशा वेळी पहिली मागणी कर्ज त्यांच्याकडे वर्ग झाल्याच्या कागदाची करायची.

फोनवरचा मुलगा गोड बोलतो. “काका, पाचशे तरी टाका, फाइल चालू दिसू दे.” पैशाच्या दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते. ती संपण्याआधी कर्ज लेखी कबूल केलं किंवा लेखी खूण ठेवून थोडे पैसे भरले, की मुदत तिथून नव्याने मोजली जाते. मुदत संपल्यावरही ‘फेडतो’ असं सही करून लिहून दिलं, तर ते वचन बांधून घेतं. पाचशे रुपयांची किंमत कधी कधी तीन वर्षं असते.

तडजोडीचा, म्हणजे ओटीएसचा, रस्ता असतो, पण तो कर्जदाराचा हक्क नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये बिजनौरच्या एका सहकारी बँकेच्या खटल्यात सांगितलं. तडजोड झाली तर पतअहवालात खात्यापुढे ‘सेटल्ड’ असा शेरा पडतो आणि पुढच्या कर्जाच्या टेबलावर तो बोलतो.

किल्ली देऊन सुटका?

परदेशी राहणाऱ्या नातेवाइकांकडून एक गोष्ट ऐकायला मिळते. घर परवडेना म्हणून बँकेला किल्ली पाठवली आणि माणूस मोकळा. कॅलिफोर्नियात ती बरीचशी खरी आहे. राहतं घर विकत घेण्यासाठीच काढलेल्या कर्जात, घर विकून उरलेली बाकी मागायला तिथला कायदा १९३३ पासून मनाई करतो. अमेरिकेतल्याच इतर अनेक राज्यांत तसं नाही, आणि भारतात तर नाहीच.

आपल्याकडे संरक्षण आहे ते वसुलीच्या शेवटच्या टोकाला. दिवाणी हुकूमनाम्यात पगाराचे पहिले हजार रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश जप्त होत नाहीत. पेन्शन, भविष्य निर्वाह निधी, स्वयंपाकाची भांडी, कारागिराची अवजारं यांना हात लावता येत नाही. प्रामाणिकपणे फेडायची ऐपतच नसलेल्या माणसाला तुरुंगात टाकता येत नाही. १९८० चा जॉली जॉर्ज वर्गीस निकाल त्यासाठी लक्षात ठेवावा. वारसांची जबाबदारी वारशात मिळालेल्या मालमत्तेपुरती. आणि नादारी? २०१६ च्या दिवाळखोरी संहितेतला व्यक्तींसाठीचा भाग डिसेंबर २०१९ पासून फक्त कंपन्यांच्या वैयक्तिक जामीनदारांना लागू झाला. साध्या घरकर्जदाराला आजही मुंबईत १९०९ चा आणि इतरत्र १९२० चा ब्रिटिश काळातला नादारी कायदाच दाखवला जातो.

सुप्याची आठवण

मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांतून कर्जरोखे काढून जाळले. दंगल पसरली, आयोग बसला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा आला. त्यातली एक तरतूद महत्त्वाची होती. रोख्यावर लिहिलेला आकडा अंतिम न मानता न्यायाधीशाने व्यवहार पहिल्यापासून तपासायचा, मुद्दल किती, व्याज किती, भरलं किती, याचा नवा हिशेब करायचा. आज बँकेचा व्याजदर जास्त आहे एवढ्याच कारणावरून कोर्टाला व्यवहार उकरता येत नाही. बँकिंग नियमन कायद्याचं कलम २१-अ १९८४ पासून तसं सांगतं. पण करारात नसलेला आकार लावला का, भरलेले हप्ते जमा धरले का, विक्रीचे पैसे कोणत्या तारखेला वळते केले, दंडाच्या रकमेवर पुन्हा व्याज चढवलं का, हे विचारायला कोणी अडवलेलं नाही. दंडाच्या आकारावर व्याज चढवायचं नाही, हा रिझर्व्ह बँकेचाच २०२४ पासूनचा नियम आहे.

एवढं पाहिल्यावर माझं मत असं झालंय. बाकी मागण्याचा हक्क कर्ज देणाऱ्याला असू द्या. नाही तर उद्या कोणी कर्ज देणार नाही. पण घर किंवा गाडी विकल्यावर एका पानाचा हिशेब, मागणी किती, बोली किती, खर्च कोणता, जमा केव्हा, बाकी किती, मराठीत कर्जदाराच्या आणि जामीनदाराच्या हातात पोचल्याशिवाय एक फोनही जाऊ नये. आज हा कागद मागावा लागतो, आणि मागणारा सहसा नसतो.

तेव्हा, वाचकहो, तुमच्यावर किंवा तुम्ही सही दिलेल्या माणसावर ही वेळ आली, तर कुलूप पडल्याच्या दिवशीच बँकेला नवा पत्ता लेखी कळवा. लिलावाआधी मूल्यांकनाची प्रत मागा. लिलावानंतर हिशेबाचा उतारा मागा. तडजोड केलीत, तर जामीनदारही मुक्त झाल्याचं त्याच पत्रात लिहून घ्या. आणि प्रत्येक अर्जाची शिक्क्यासह पोच घ्या.